माणसे थोडी, अंतर मोठे: विरळ वस्तीतील आरोग्यसेवेचे गणित

नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय साऱ्या विदर्भात नुसते 'मेडिकल' म्हणून ओळखले जाते. तेथे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतून, तसेच सीमेपलीकडच्या बालाघाट, शिवनी आणि छिंदवाडा येथूनही 'रेफर' झालेले रुग्ण येत असतात. इतक्या लांबून माणूस नागपूरला का आणावा लागतो, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: डॉक्टरांना खेड्यात जायला नको असते. हे उत्तर खोटे नाही, पण त्याने प्रश्नाचा थोडाच भाग उलगडतो. डॉक्टर जायला तयार असले, पगार वेळेवर होत असला आणि इमारतही चांगली असली, तरी जिथे वस्ती विरळ आहे तिथे आरोग्यसेवा चालू ठेवणे अवघडच राहते. ते का, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

सरकारी आरोग्यसेवेची मांडणी लोकसंख्येवर बेतलेली आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी तो शिथिल करून अनुक्रमे ३,००० आणि २०,००० असा ठेवला आहे. वरवर पाहता ही सवलत उदार वाटते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे राहतात, नागपूर जिल्ह्यात ४७०, आणि गडचिरोली जिल्ह्यात फक्त ७४. राज्याच्या सरासरी घनतेच्या मुलखात ३०,००० माणसे साधारण ८२ चौरस किलोमीटरांत सापडतात, तर गडचिरोलीत २०,००० माणसे गोळा करायला सुमारे २७० चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे सवलत देऊनही तिथल्या आरोग्य केंद्राच्या वाट्याला तिपटीहून मोठा मुलूख येतो. शिवाय ७४ हा आकडाही फसवा आहे, कारण जिल्ह्याच्या उत्तरेला वडसा आणि आरमोरीकडे भातशेतीचा, बऱ्यापैकी दाट वस्तीचा पट्टा आहे आणि दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागडच्या जंगलात पाड्यापाड्यांत कित्येक किलोमीटरांचे अंतर आहे. घनता २५ वर आली, तर त्याच २०,००० माणसांसाठी ८०० चौरस किलोमीटर धरावे लागतील. आणि हे सगळे सरळ रेषेतले मोजमाप आहे. रस्ता नदीला, टेकडीला वळसा घालतो.

केंद्र सरकारच्या निकषांत डोंगराळ आणि वाळवंटी भागांसाठी वेळेच्या हिशेबाचीही तरतूद आहे: वस्तीपासून चालत अर्ध्या तासाच्या आत उपकेंद्र असावे. अर्ध्या तासात माणूस साधारण अडीच किलोमीटर चालतो असे धरले, तर गडचिरोलीच्या सरासरी घनतेने त्या परिघात सुमारे १,४५० माणसे येतील. थोडक्यात, अंतराला प्रमाण मानले, तर आदिवासी निकषाच्याही दुपटीने उपकेंद्रे उभारावी लागतील आणि प्रत्येक उपकेंद्राला निदान एक परिचारिका द्यावी लागेल. लोकसंख्येचा निकष सोयीचा का वाटतो, हे यावरून ध्यानात यावे.

आता अशा एका आरोग्य केंद्राच्या आत डोकावू. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १६ जन्म धरले, तर २०,००० वस्तीत वर्षभरात ३२० बाळंतपणे होतील; म्हणजे दिवसाला एकही नाही. त्यांतल्या काही जणी माहेरी जातील, काही थेट तालुक्याला. तरीही बाळंतपण रात्री दोनला येईल की दुपारी बाराला, हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून प्रसूतिगृह चोवीस तास उघडे हवे. आठवड्याचे १६८ तास एकच परिचारिका हजर ठेवायची, तर आठवड्याला ४८ तासांच्या कामाने साडेतीन परिचारिका लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि लसीकरणाच्या फेऱ्या धरल्या, की चार ते पाच. एवढी माणसे नेमून केंद्र कितीही नेटाने चालवले, तरी वर्षअखेरच्या तक्त्यात दर परिचारिकेमागे बाळंतपणे थोडीच दिसतील. मग कोणीतरी शेरा मारते की येथे काम कमी आहे, आणि एक जागा दुसरीकडे वळवली जाते.

या शेऱ्यामागे एक चुकीचे गृहीतक आहे. विरळ वस्तीत आरोग्यसेवेवर जो खर्च होतो, तो मुख्यतः तयार राहण्याचा खर्च असतो. तपासलेल्या रुग्णांच्या संख्येशी त्याचा संबंध थोडाच. एसटीची मुक्कामी गाडी टोकाच्या गावी आठ-दहा प्रवासी घेऊन जाते, आणि ती भरली नाही म्हणून बंद केली, तर त्या गावाला सकाळी बाजारात किंवा कॉलेजला जायची सोयच उरत नाही. आरोग्य केंद्राचे तसेच आहे, फक्त इथे चुकलेली फेरी दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही.

सर्पदंशावरच्या प्रतिविषाचे उदाहरण घेतले, तर हे अधिक नीट दिसते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते, आणि विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात. म्हणजे केंद्राने एका वेळी किमान दोन रुग्णांना पुरेल इतका साठा बाळगायचा म्हटले, तर वीस कुप्या हव्यात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या एका आठवड्यात संपतील, किंवा वर्षभर तशाच पडून मुदतबाह्य होतील. लेखापरीक्षणाच्या भाषेत त्याला औषध वाया जाणे म्हणतात. द्रवरूप प्रतिविषाला शीतकपाट लागते आणि ते लवकर बाद होते. पावडरीच्या रूपातले प्रतिविष कोरड्या, थंड जागी जास्त काळ टिकते. वीज बेभरवशाची असलेल्या केंद्रासाठी खरेदीच्या यादीतला हा एवढासा फरकही महत्त्वाचा ठरतो. आणि मण्यारीच्या विषाने श्वास मंदावला, तर प्रतिविष असूनही कृत्रिम श्वास देत रुग्णाला पुढे न्यावे लागते. त्यासाठी तिथला डॉक्टर अशा प्रसंगाला पूर्वी सामोरा गेलेला असावा लागतो, आणि रुग्णच कमी असलेल्या ठिकाणी तसा सराव होत नाही.

सरावाचा हा मुद्दा शस्त्रक्रियेत फार मोठा होतो. चाळीस हजार वस्तीच्या तालुक्यात, वरच्याच हिशेबाने, वर्षाला ६४० जन्म होतील. त्यांतल्या दहा टक्क्यांना सिझेरियन लागले, तर वर्षाला ६४, म्हणजे आठवड्याला एकापेक्षा किंचित जास्त. तेवढ्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त साठवण्याची सोय आणि नवजात बाळ सांभाळू शकणारा डॉक्टर, अशी साखळी बारा महिने जागी हवी. एकेकच नेमला, तर तो वर्षाचे ३६५ दिवस हजर राहणे शक्य नाही. दोन-दोन नेमले, तर प्रत्येकाच्या हाताला महिन्यात दोन-तीन शस्त्रक्रिया येतील. भूलतज्ज्ञ रजेवर गेला, की स्त्रीरोगतज्ज्ञ असून नसल्यासारखा होतो, आणि नातेवाइकांना दिसते ते एवढेच की मोठा डॉक्टर समोर असूनही पेशंट पुढे पाठवला. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे आणि सिझेरियन करण्याचे काही महिन्यांचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग काढला गेला, तो याच कारणासाठी. तो चांगला मार्ग आहे, पण प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर बदलीने अशा ठिकाणी गेला जिथे शस्त्रक्रियागृहच नाही, तर सगळे मुसळ केरात.

म्हणून कोणती सेवा गावोगाव पसरवायची आणि कोणती एका ठिकाणी एकवटायची, हा इथला कळीचा निर्णय असतो. जी गोष्ट वारंवार लागते, थोड्या शिक्षणाने करता येते आणि उशीर झाला तर जीव घेते, ती घराजवळ हवी. जिला सराव, यंत्रे आणि चार जणांचा चमू लागतो, ती एकवटलेलीच बरी, पण मग तिथपर्यंत रुग्ण वेळेत पोचवण्याची जबाबदारीही आरोग्यसेवेचीच ठरते. आपल्याकडे एकवटण्याचा पहिला भाग आपोआप होतो आणि वाहतुकीचा दुसरा अर्धवट राहतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. राज्याच्या लोकसंख्येला भागले, तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी येते. निव्वळ डोकी मोजून वाटप केले, तर गडचिरोलीला नऊ गाड्या मिळाल्या असत्या, आणि १४,४१२ चौरस किलोमीटरांच्या जिल्ह्यात एकेका गाडीच्या वाट्याला १,६०० चौरस किलोमीटर आले असते. त्यातली एक गाडी गडचिरोलीहून रुग्ण घेऊन सुमारे १७० किलोमीटरांवरच्या नागपूरला निघाली, की जाऊन-येऊन सहा-सात तास तो मुलूख गाडीविना राहतो. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव उपचाराविना दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन प्रकारचे उशीर सांगतात: दवाखान्यात जायचे ठरवण्यात लागलेला, तिथे पोचण्यात लागलेला आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात लागलेला. विरळ वस्तीत हे तिन्ही उशीर एकमेकांत गुंतलेले असतात, कारण मागच्या वेळी खाटेवर घालून, नाला ओलांडून नेलेल्या बाईला पुढे पाठवले गेले हे ज्या गावाने पाहिलेले असते, ते गाव पुढच्या वेळी निघायचे ठरवायलाच वेळ लावते.

पावसाळ्यात तर गाडी असून उपयोग नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे जवळपास दरवर्षी घडते. नेमके ठाऊक असलेल्या संकटावर उपायही आधीच करता येतो, आणि आदिवासी भागातील 'माहेरघर' योजना हा त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा उपाय आहे. बाळंतपणाची तारीख जवळ आली, की गर्भवतीने आरोग्य केंद्राच्या आवारातील माहेरघरात येऊन राहायचे. सोबत लहान मूल आणि घरचे एक माणूस राहू शकते, जेवणाची सोय होते. मध्यरात्री रुग्णवाहिका पळवण्याऐवजी चार दिवस आधी दिवसाउजेडी येणे, एवढीच ही कल्पना आहे. ती अडते ती वैद्यकीय कारणांनी नव्हे: घरी दोन लेकरे, गुरे, रोवणीची कामे सोडून बाईने यायचे कसे, आणि सोबत आलेल्याची मजुरी बुडते ती कोणी द्यायची, हे प्रश्न सुटले तिथे माहेरघरे भरतात.

घराजवळ काय करता येते, याचा सर्वांत भक्कम पुरावा गडचिरोली जिल्ह्यातूनच आलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून त्यांनी नवजात बाळाला घरी जाऊन तपासायचे, वजन करायचे, ऊब आणि अंगावरच्या दुधाकडे लक्ष द्यायचे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविके द्यायची, अशी ती पद्धत होती. गावातल्या बाईने बाळाला इंजेक्शन द्यावे हे त्या काळी अनेकांना धाडसाचे वाटले होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये हीच कल्पना घरच्या घरी नवजात बालकाची काळजी या नावाने देशभर आली. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते; घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट वाढते.

मलेरियाचेही असेच आहे. फाल्सिपेरम प्रकारचा ताप मेंदूपर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत, पण बोटाच्या थेंबभर रक्तावर वीस मिनिटांत होणारी तपासणी आणि गोळ्या आशाताईच्या पिशवीत असल्या, तर त्या रुग्णाला डॉक्टरपर्यंत जाण्याची वेळच बहुधा येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला याउलट वर्षानुवर्षे नियमित औषध आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. तिथे प्रश्न तातडीचा नसून सातत्याचा असतो, आणि महिन्यातून ठरलेल्या वारी न चुकता येणारे फिरते आरोग्य पथक त्याला पुरते. न चुकता हे महत्त्वाचे. दोनदा पथक आले नाही, की तिसऱ्यांदा लोक येत नाहीत.

मात्र आशाताईंच्या मोबदल्यातही तेच लोकसंख्येचे गणित शिरलेले आहे. त्यांना निश्चित मासिक रकमेबरोबर कामागणिक पैसे मिळतात. नवजात बाळाच्या ठरलेल्या भेटी पूर्ण केल्याबद्दल २५० रुपये, हा त्यातला एक दर. दाट वस्तीच्या गावात सहा भेटी म्हणजे शेजारच्या गल्लीत सहा फेऱ्या. जंगलातल्या टोल्यांमध्ये त्याच सहा भेटींसाठी तिला अनेक किलोमीटर चालावे लागते. दर एकच, आणि वर्षाकाठी बाळेही कमी. ज्या आशेचे काम सर्वांत कष्टाचे, तिचे उत्पन्न सर्वांत कमी, असा याचा अर्थ होतो.

माणसे टिकवण्याच्या प्रश्नाकडे आता येऊ. विदर्भात हा विषय निघाला, की हेमलकशाचे नाव येते, आणि ते योग्यच आहे: १९७३ साली बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जे उभे केले, त्याला तोड नाही. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तसेच आयुष्य घातले. पण आयुष्य वाहून घेण्याची अट घालून शासनाला भरतीची जाहिरात काढता येत नाही. व्यवस्था टिकायची असेल, तर ती अशा माणसाला पेलवली पाहिजे ज्याला वर्षातून दोनदा घरी जायचे आहे, ज्याची मुले शाळेत जातात आणि ज्याच्या जोडीदारालाही नोकरी हवी आहे. एकट्या डॉक्टरऐवजी दोघे एकत्र नेमणे, राहायला गळत नसलेले घर, काही वर्षांनी हमखास बदली, सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात राखीव जागा, या गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा सेवाभावाच्या भाषणांनी पडत नाही. एमबीबीएसनंतरच्या एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेने रिकाम्या खुर्च्या भरतात हे खरे. परंतु डॉक्टरला माडिया किंवा कोरकू भाषेतले चार शब्द कळू लागतात, कोणत्या गावात कोणाचे ऐकले जाते हे उमगू लागते, तोवर त्याचे वर्ष संपते आणि नवा येतो.

शेजारच्या छत्तीसगडने २००१ मध्ये एक वेगळी वाट धरली होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले गेले. पुढे अभ्यासक्रम वादात बंद पडला, पण त्यातून बाहेर पडलेले सहायक नेहमीच्या आजारांच्या उपचारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे काम करतात, असे २०१० च्या सुमाराच्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसले. आपल्याकडे उपकेंद्रावर नेमले जाणारे समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांत महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधर बरेच आहेत, हे त्याच विचाराचे पुढचे रूप म्हणता येईल. ई-संजीवनीसारखी दूरवैद्यक सेवाही त्यांच्यामुळेच उपयोगी पडते, कारण पडद्यावरच्या तज्ज्ञाला पोट दाबून पाहता येत नाही. ते या टोकाला असलेल्या कोणीतरी पाहून सांगावे लागते, आणि अर्थात त्या वेळी नेटवर्क असावे लागते.

पैशाची बाजू सहसा शेवटी येते आणि घाईत उरकली जाते, पण खरी मेख तिथेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांसारख्या विमा योजनांनी गरीब कुटुंबांवरचा मोठ्या शस्त्रक्रियांचा भार नक्कीच हलका केला. परंतु या योजनांत रुग्णालयाला पैसे मिळतात ते केलेल्या उपचारामागे, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. उपचार जिथे होतो, तिथे पैसा जातो. म्हणून एटापल्लीच्या माणसाच्या विम्याचा पैसा नागपूरच्या रुग्णालयात जमा होतो आणि एटापल्लीतले शस्त्रक्रियागृह चालू ठेवण्याला त्याचा काही उपयोग होत नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हा पेच सुटलेला नाही. तिथे १९९७ मध्ये दुर्गम भागातील छोट्या रुग्णालयांचा एक वेगळा वर्ग करण्यात आला: जास्तीत जास्त २५ खाटा, सर्वसाधारणपणे दुसऱ्या रुग्णालयापासून ३५ मैल दूर, आणि वृद्धांच्या सरकारी विम्यातून पैसे मिळायचे ते पॅकेजवर नव्हे, तर प्रत्यक्ष खर्चाच्या १०१ टक्के. एवढे करूनही २०१० नंतर तिथली शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली. आपल्या ग्रामीण रुग्णालयांचा पगार आणि इमारत सरकारी अंदाजपत्रकातून भागते, ही आपली जमेची बाजू आहे. विम्यावरचा खर्च वाढत असताना ती आटू न देणे महत्त्वाचे.

गडचिरोलीत २०२४ साली १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिकवणारे तज्ज्ञ आणि निवासी डॉक्टर तिथे पुरेसे आले, तर नागपूरच्या वाटेवरच्या अनेक फेऱ्या वाचतील. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुमारे १८० किलोमीटरांवरचे भामरागड मात्र तेवढेच दूर राहील. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी ग्रामीण भागात टिकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांना प्रवेश द्या, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच केलेली आहे. महाराष्ट्रात विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा ठेवणारे सूत्र २०२० मध्ये रद्द झाले, त्यामुळे आदिवासी आरक्षण सोडले, तर या महाविद्यालयातील जागा धानोरा किंवा सिरोंच्याच्या मुलीला जवळच्या झाल्या असे म्हणता येत नाही. परिचारिका अभ्यासक्रम त्यापेक्षा बराच हाताशी आहे: त्याला प्रवेश मिळणे सोपे, शिक्षण थोड्या वर्षांचे, आणि उपकेंद्राचे चोवीस तास प्रत्यक्षात परिचारिकाच सांभाळते. माडिया बोलणाऱ्या मुलींना तिथपर्यंत आणून त्यांना अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटाऐवजी कायम नेमणूक देणे, हे काम नवे महाविद्यालय पूर्ण उभे राहण्याची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे.